हंगामाआधी साईडपट्ट्या भरून घ्याव्यात

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला आहे, अथणी आणि कागवाड भागांत द्राक्षबागांची फळछाटणी सुरू झाली आहे आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटायला आता फार दिवस उरलेले नाहीत. बेळगाव जिल्ह्यातील आणि सीमेपलीकडच्या लगतच्या तालुक्यांतील रस्त्यांवरून गेली बावीस वर्षे नियमाने सायकल चालवणारा एक निवृत्त शिक्षक या नात्याने, पावसाळा आणि गळीत हंगाम यांच्यामधल्या या थोड्या दिवसांत उरकून घेता येईल अशा एका कामाकडे आपल्या दैनिकाच्या माध्यमातून संबंधितांचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. ते काम म्हणजे रस्त्यांच्या साईडपट्ट्या भरण्याचे. इतक्या साध्या गोष्टीसाठी एवढे लांब पत्र कशाला, असे वाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु जे लोक मोटारीतून या रस्त्यांवरून जातात त्यांना ही पट्टी जवळपास दिसतच नाही, म्हणून ती सविस्तर सांगणे भाग आहे.

साईडपट्टी म्हणजे डांबराच्या दोन्ही अंगांना मुरूम किंवा बारीक खडी दाबून केलेली कड. मोटारवाल्याला ती क्वचितच लागते, समोरून मोठे वाहन आले तर एक चाक खाली घेण्यापुरती. सायकलस्वाराला मात्र ती दर दोन-चार मिनिटांनी लागते, कारण मागून हॉर्न ऐकू आला की त्याने तिच्यावर उतरावे अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. खेड्यांना जोडणाऱ्या एकपदरी रस्त्याचे डांबर साधारण ३.७५ मीटर रुंद असते आणि बस किंवा मालमोटार अडीच मीटर रुंद असते. उरलेल्या सव्वा मीटरात सायकलचे हँडल, स्वाराचे खांदे आणि दोन वाहनांमध्ये असायला हवे ते अंतर, हे सगळे मावत नाही. त्यामुळे अशा रस्त्यावर साईडपट्टी हाच सायकलस्वाराचा रस्ता असतो, आणि तोच आज आमच्या जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला आहे.

तो नाहीसा कसा होतो हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. रस्त्याची दुरुस्ती होते तेव्हा जुन्या डांबरावर नवा थर चढतो आणि रस्ता तेवढा उंच होतो. असे दोन-तीन थर बसले की डांबराची पातळी आणि बाजूची जमीन यांच्यात चार-पाच बोटांची पायरी तयार होते. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ती पायरी बुजवणे हे त्याच कामाचे शेवटचे अंग असते. पण डांबर पडले की काम संपले असे सर्वांनीच धरून चालण्याची पद्धत पडून गेली आहे. पुढच्या पावसात पाणी नेमके त्या पायरीपाशी साचते, डांबराखालची खडी सुटते आणि कड तुकड्यातुकड्याने गळून पडते. म्हणजे साईडपट्टी न भरल्याने ज्या रस्त्यावर लाखो रुपये खर्च झाले तोच रस्ता दोन्ही बाजूंनी अरुंद होत जातो. हे नुकसान केवळ सायकलवाल्यांचे नाही, ही बाब बांधकाम खात्यातील अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

ही पायरी सायकलस्वाराला काय करते तेही सांगतो. लांब पल्ल्याच्या सायकलचे टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतात. दूध घालणाऱ्याच्या किंवा शाळेच्या पोरांच्या सायकलचेही फार रुंद नसतात. कडेवरून चाक खाली उतरणे सोपे असते, वर चढणे अवघड. चाक कडेला समांतर घासत राहते, हँडल वळते पण सायकल वळत नाही, आणि तोल जातो तो बहुतेक वेळा डांबराच्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनासमोर. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, दिवस मावळता मावळता, रायबाग तालुक्यातील एका रस्त्यावर माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागून आला, मी खाली उतरलो, पहिली ट्रॉली गेली, आता रस्ता मोकळा झाला असे समजून वर चढू लागलो आणि दुसरी ट्रॉली माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेली. खांद्याचे हाड मोडले एवढ्यावरच निभावले. पाठीमागून येणाऱ्या दोन ऊसतोड मजुरांनी मला उचलून बाजूच्या वस्तीवर नेले, माझी सायकल झाडाला टेकवून ठेवली आणि माझ्या घरचे लोक येईपर्यंत त्यांच्यातला एक जण माझ्याजवळ बसून राहिला. त्यांची नावे विचारायची मला त्या अवस्थेत शुद्ध राहिली नाही, याची खंत अजून आहे.

आता या जिल्ह्यातले रस्ते सायकलसाठी किती सुंदर आहेत, हे लिहिल्याशिवाय माझ्या तक्रारीचे वजन वाचकांच्या ध्यानात येणार नाही. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबीचे घनदाट पावसाचे रान, मध्ये घटप्रभा-मलप्रभेचा कालव्यांचा मुलूख आणि ईशान्येला अथणीचा कमी पावसाचा, काळ्या मातीचा, द्राक्षांचा पट्टा, असे तीन प्रदेश दोन-तीन दिवसांच्या सायकलप्रवासात पार करता येतात. पुण्या-मुंबईकडचे सायकलस्वार इकडे येतात तेव्हा या वैविध्याने थक्क होतात, आणि मग पहिल्याच दिवशी विचारतात की तुमच्याकडे रस्त्याला कड का नसते.

बेळगावहून सांबरा, सुळेभावी, अंकलगी करत गोकाकच्या धबधब्याकडे जाणारा रस्ता मला फार प्रिय आहे. पहाटे साडेपाचला निघाले तर ऊन चढण्याआधी धबधब्यापाशी पोहोचता येते. घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली उडी घेते. पावसाळ्याच्या अखेरीस त्या पाण्याचा आवाज दिसण्याआधी ऐकू येतो. पुढे धुपदाळचा बंधारा आहे. तो १८९७ सालचा. तिथून निघणारा घटप्रभा डावा कालवा पहिल्या टप्प्यात ७१ किलोमीटरचा होता आणि हिडकलच्या धरणाबरोबर तो १०९ किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आला. धुपदाळच्या जलाशयाला १९७४ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे, आणि हिवाळ्यात कांड्या करकोच्यांचे थवे पाहायला सायकल हे सर्वांत योग्य वाहन आहे, कारण तिच्या येण्याने पक्षी उठत नाहीत.

कालव्याच्या कडेने सायकल चालवण्यात जे सुख आहे त्याचे कारण कालव्याच्या रचनेतच आहे. पाणी आपल्या वजनाने वाहत जावे म्हणून कालवा जमिनीच्या उंचसखलपणाला वळसे घालत, डोळ्याला जाणवणारही नाही इतक्या अल्प उताराने नेलेला असतो. त्यामुळे त्याच्या काठावरचा, पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी केलेला रस्ता मैलोगणती सपाट असतो. चढ नाही, चौक नाही, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊस, मका, हळद. आमच्याकडे त्याला सगळे जण 'कॅनॉलचा रस्ता' म्हणतात. शेतकरी मोटारसायकलवरून वैरण आणतो तो याच रस्त्याने, आणि पाण्याची पाळी आपल्यापर्यंत पोहोचली का हे पाहायला रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन जातो तोही याच रस्त्याने.

परंतु हा रस्ता कित्येक ठिकाणी पाण्याच्या बाजूने ढासळला आहे. मुरूम वाहून गेला आहे, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वीतभर खोल झाल्या आहेत आणि चाकोरी चुकवायला गेले की चाक कालव्याच्या अंगाला येते. ज्यांनी अस्तर केलेला कालवा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. अशा कालव्याचे दोन्ही काठ काँक्रीटचे, तिरपे आणि पाण्याच्या पातळीला शेवाळाने बुळबुळीत झालेले असतात. पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्यावर तरंगता येईल, पण हाताला धरायला काही नसल्याने त्याला वर चढता येणार नाही. म्हणून कालव्याच्या काठची साईडपट्टी ही इतर कोठल्याही साईडपट्टीपेक्षा अधिक निकडीची आहे, आणि ती भरण्याबरोबरच ठरावीक अंतरावर काठात पायऱ्या कोरणे किंवा लोखंडी कड्या बसवणेही आवश्यक आहे. कालव्यावरच्या कित्येक अरुंद पुलांना कठडे राहिलेले नाहीत. तेही याच कामात घ्यावेत.

द्राक्षपट्ट्यातले दुखणे निराळे आहे. कुडचीपाशी कृष्णा ओलांडून उगार, शेडबाळ, कागवाडकडे किंवा सरळ अथणीकडे गेले की मातीचा रंग बदलतो. अथणीच्या पुढे तेलसंगकडे जाताना दोन्ही बाजूंना बागा लागतात, काही मांडवावर घेतलेल्या, काही वाय आकाराच्या लोखंडी खांबांवर. एप्रिलमध्ये खरड छाटणी, दसऱ्याच्या आसपास फळछाटणी, आणि माघ-फाल्गुनात काढणी, हे वेळापत्रक सायकलस्वारालाही पाठ होऊन जाते, कारण प्रत्येक वेळी रस्त्याचा वास वेगळा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरव्या जाळीच्या शेडमध्ये एकावर एक मजल्यांच्या जाळ्यांवर द्राक्षे वाळत घातलेली दिसतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि त्याला पंधरवड्यापर्यंतचा काळ लागतो. गेली कित्येक वर्षे लांबच्या फेरीवर माझ्या खिशात याच भागातला बेदाणा असतो. दर अर्ध्या तासाने मूठभर खाल्ला की सत्तर-ऐंशी किलोमीटरनंतरही पायातले बळ टिकते, हा माझ्यासारख्या अनेकांचा अनुभव आहे.

ही जमीन काळी आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याची कड या फुगण्या-आकसण्यानेच तुटते, त्यामुळे इथे नुसती आजूबाजूची माती ओढून साईडपट्टी केली तर एका पावसात ती चिखल होते. मी स्वतः पाहिले आहे की दोन वर्षांपूर्वी अशा एका रस्त्यावर शेजारच्या शेताच्या बांधावरची काळी माती लोटून पट्टी 'भरली' होती, आणि जूनच्या पहिल्या पावसात तिच्यावर उतरलेली दुधाची सायकल कॅनसकट रुतून बसली. इथे बाहेरून आणलेला कठीण मुरूमच हवा, तो थराथराने दाबायला हवा आणि पट्टीचा उतार रस्त्याकडून बाहेर असायला हवा. या उलट खानापूर तालुक्यात जांभा दगड आणि तांबडी माती आहे. तिथे मुरूम जागेवर मिळतो, पण पावसाचा जोर इतका असतो की शेजारचा चर साफ नसेल तर पट्टी वाहून जाते. दोन्ही तालुक्यांच्या निविदांत एकच वाक्य लिहून भागणार नाही, एवढेच मला सुचवायचे आहे.

द्राक्षबागायतदारांकडेही एक नम्र विनंती आहे आणि ती करताना त्यांच्या कष्टांची मला पूर्ण जाणीव आहे. छाटणीनंतरच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी चालते आणि रस्त्यालगतच्या ओळींतून औषधाचा फवारा थेट रस्त्यावर येतो. मोटारीची काच वर असते, सायकलस्वार मात्र धापा टाकत असतो. गेल्या वर्षी तेलसंगच्या अलीकडे एका तरुण शेतकऱ्याने लांबूनच मला पाहून ब्लोअर बंद केला आणि हात वर करून ओरडला, "सर, जरा थांबा तिकडंच, औषध मारायला लागलंय." मी पुढे निघून गेल्यावरच त्याने ट्रॅक्टर पुन्हा सुरू केला. एवढे भान प्रत्येकाने ठेवले तर त्यासाठी कोणत्याही नियमाची गरज पडणार नाही.

उसाच्या वाहतुकीबाबत मात्र नियमांची अंमलबजावणीच हवी. गळिताच्या चार-पाच महिन्यांत आमच्या जिल्ह्यातील रस्त्यांवर संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्यांचेच राज्य असते. ट्रॅक्टरला दिवे असतात, पण मागच्या ट्रॉलीला बहुधा काही नसते, आणि उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात बाहेर आलेल्या असतात. वाहनांच्या आणि त्यांच्या ट्रॉल्यांच्या मागे तांबडे परावर्तक असले पाहिजेत असे मोटार वाहन नियमांतच आहे. तांबडी परावर्तक पट्टी ही काही महागडी वस्तू नव्हे. ऊस घेऊन आलेली ट्रॉली काट्यावर उभी राहते तेव्हा परावर्तक नसलेल्या प्रत्येक ट्रॉलीला कारखान्याच्या फाटकावरच पट्टी चिकटवण्याची व्यवस्था सर्व कारखान्यांनी हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच करावी, आणि ट्रॉली दुहेरी असेल तर दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे ठळक खूण असावी. माझा अपघात पहिल्या ट्रॉलीने झाला नव्हता.

याच संदर्भात गतिरोधकांविषयी दोन ओळी. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांबीचा आणि १० सेंटिमीटर उंचीचा असावा, म्हणजे वाहन त्यावरून ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगाने सावकाश जाऊ शकते. आमच्या गावोगावी मात्र जेमतेम दीड-दोन फूट लांबीचे, उभट, रंग न दिलेले उंचवटे ग्रामस्थांनीच घातलेले आढळतात. अपघाताने पोळलेल्या गावाने ते घातलेले असतात, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण मोटारसायकल आणि ट्रॅक्टर हा उंचवटा चुकवण्यासाठी साईडपट्टीवरूनच जातात, आणि जिथे जिथे गतिरोधक आहे तिथे तिथे पट्टीत सर्वांत खोल खड्डा असतो. खात्याने योग्य मापाचे गतिरोधक घालून दिले तर गावकरी स्वतः ते उंचवटे काढतील, याची मला खात्री आहे.

पश्चिमेकडच्या रानाविषयी माझे म्हणणे जरा वेगळे आहे आणि माझ्या काही सायकलस्वार मित्रांनाही ते पटत नाही. पिरनवाडीवरून किणये, जांबोटी करत कणकुंबीला जाणारा रस्ता, आणि तिथून चोर्ला घाटात उतरणारा रस्ता, हा या जिल्ह्यातला सर्वांत देखणा सायकलमार्ग आहे. कणकुंबीला माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे निघते. त्याच तालुक्यात जन्मणारी म्हादई पश्चिमेला गोव्याकडे जाते. एका पाणलोटाच्या माथ्यावरून आपण सायकल चालवत आहोत, हे तिथे शरीरालाच कळते, कारण एका बाजूचा वारा कोरडा आणि दुसऱ्या बाजूचा ओला असतो. दक्षिणेला भीमगड अभयारण्य आहे. २०११ साली घोषित झालेल्या १९० चौरस किलोमीटरच्या या रानात, बारापेडेच्या गुहांत, जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारी वटवाघळांची एक जात राहते. या परिसरात गवे आहेत, अस्वले आहेत, आणि अस्वलाने जखमी केलेल्या माणसांच्या बातम्या आपण वेळोवेळी छापल्या आहेत.

या रस्त्यावर मला रुंदीकरण नको आहे. बेळगाव ते खानापूर मार्ग रुंद होताना कडेची जुनी, मोठी झाडे गेली. त्या सावलीतून ज्यांनी एप्रिलच्या दुपारी सायकल चालवली आहे त्यांना काय गेले हे माहीत आहे. जांबोटीच्या रानात तसे घडू नये. आहे त्याच डांबराची कड सावरावी, दोन्ही बाजूंना हातभर पट्टी दाबून घ्यावी, तिच्यावर पसरलेली घाणेरी आणि रानमोडीची झुडपे दिवाळीनंतर एकदा आणि होळीआधी एकदा छाटावी आणि पाण्याचे चर मोकळे करावेत. सायकलस्वारांनीही तिथे सूर्यास्तानंतर जाऊ नये, प्रखर दिवे आणि मोठ्याने लावलेली गाणी टाळावीत. रात्रीचे जंगल प्राण्यांचे आहे आणि आपल्याला दिवसाचे बारा तास पुरेसे आहेत. रात्रीच्या फेरीची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी पूर्वेकडचे सपाट रस्ते आहेत, फक्त त्यांना कड असली पाहिजे.

सायकल हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा रविवारचा छंद आहे, त्यासाठी शासनाने खर्च का करावा, असा प्रश्न मला एका सभेत विचारण्यात आला होता. विचारणाऱ्याचा हेतू चांगला होता म्हणून त्याचे उत्तर इथे देतो. मी वर्षाकाठी काही हजार किलोमीटर सायकल चालवतो, पण सकाळी सात ते नऊ या वेळेत माझ्या मार्गावर मला भेटणाऱ्या शंभर सायकलींपैकी माझ्यासारख्याची एखादीच असते. बाकीच्या सायकली दूध संस्थेकडे जाणाऱ्यांच्या, खुरपणीला निघालेल्यांच्या, गवंडीकामाला जाणाऱ्यांच्या आणि शाळेच्या मुलामुलींच्या असतात. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा मी एका ग्रामीण माध्यमिक शाळेत शिकवत होतो. सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली त्या सायकलीमुळे दहावीपर्यंत येऊ लागल्या, हे मी माझ्या हजेरीपटावर पाहिले आहे. त्यांच्यातल्या काही जणींना सहा-सात किलोमीटर यावे लागे, आणि उसाच्या दिवसांत घरी परतायला अंधार झाला तर त्यांचे वडील दप्तर घेऊन मोटारसायकलने मागोमाग येत. सायकल शासनाने दिली. ती चालवायला चार फूट जागा देणे हा त्याच कामाचा पुढचा भाग आहे.

दुसरी गोष्ट अशी की उत्तर कर्नाटकाचा हा टापू रस्त्यावरच्या सायकल शर्यतींचे माहेरघर आहे. विजापूर, बागलकोट आणि बेळगाव या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुलामुलींनी राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे पदके आणली आहेत. गावच्या जत्रेत साध्या सायकलींच्या शर्यती लागतात, आणि त्या बघायला बैलगाडीच्या शर्यतीएवढीच गर्दी जमते. ही मुले सराव कुठे करतात? राज्य रस्त्यावर, पहाटेच्या अंधारात, मालमोटारींच्या मागे. ओळीने जाणाऱ्या आठ-दहा मुलांच्या तुकडीत पुढच्याचे चाक कडेवरून घसरले तर मागचे सगळे पडतात. ज्यांच्याकडून आपण पदकांची अपेक्षा करतो त्यांच्या सरावाच्या रस्त्यांची कड तरी धड असावी.

सीमेवरची एक अडचण याच ओघात मांडतो. बाची ओलांडून शिनोळीकडे, कागवाड ओलांडून म्हैसाळकडे किंवा कोगनोळी ओलांडून कागलकडे गेले की राज्य बदलते. मोठ्या रस्त्यांवर फरक पडत नाही, पण बागेतून बागेत जाणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या पायवाटेचे कालांतराने डांबरी रस्ते झालेल्या लहान वाटांवर हद्दीजवळचा शेवटचा अर्धा-पाऊण किलोमीटर कोणीच दुरुस्त करत नाही. इकडचे म्हणतात ते तिकडे येते, तिकडचे म्हणतात ते इकडे. दोन्ही बाजूंच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपापल्या तालुका अभियंत्यांना एक दिवस हद्दीवर एकत्र पाठवून अशा तुकड्यांची यादी करून घेतली, तर वर्षानुवर्षे रखडलेली बरीच कामे मार्गी लागतील.

आणि धोक्याच्या पाट्या कन्नडबरोबर मराठीतही असाव्यात. हे मी भाषेच्या वादात भर घालण्यासाठी लिहीत नाही. गळिताच्या हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो ऊसतोड कुटुंबे आपल्याकडे येतात, कालव्याच्या काठी पालांत राहतात, त्यांची मुले त्याच काठावर खेळतात. 'पाणी खोल आहे, काठावर जाऊ नये' ही पाटी त्यांना वाचता येत नसेल तर ती लावून काय उपयोग? ज्या माणसाने मला त्या संध्याकाळी उचलले तो अशाच एका पालातला होता.

मागणी थोडक्यात अशी, की दिवाळी ते कारखाने पूर्ण क्षमतेने सुरू होण्याच्या दरम्यान, ऊसवाहतुकीच्या प्रमुख रस्त्यांपासून सुरुवात करून साईडपट्ट्या बाहेरच्या मुरमाने भराव्यात, कालव्याच्या काठचे ढासळलेले तुकडे आणि पुलांचे कठडे त्याच वेळी घ्यावेत, आणि यापुढे कोणत्याही डांबरीकरणाचे शेवटचे बिल साईडपट्टी मोजल्याशिवाय अदा करू नये. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारकही तीच ठरेल.

अपघातानंतर मी एक वही ठेवली आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, गोकाक, रायबाग, चिकोडी, कागवाड आणि अथणी तालुक्यांतील ज्या ज्या रस्त्यांवरून मी गेलो, त्यांवरील कड तुटलेल्या जागा मैलाच्या दगडांच्या खुणेसह, पायरीची उंची पट्टीने मोजून, त्या वहीत लिहिल्या आहेत. कोणत्याही कार्यालयातील अभियंत्यांनी बोलावले तर ती घेऊन मी सायकलवरच येईन आणि त्यांच्याबरोबर त्या जागा दाखवायलाही निघेन.

आपला,
एक सायकलस्वार व निवृत्त शिक्षक
वडगाव, बेळगाव